परकीय भांडवल, विकास आणि बिझनेस स्कूलमधले संशोधन: नेमके कोणाच्या हाती काय लागते?

मध्यबिंदू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९९० साली एक साधा हिशेब मांडला होता. भांडवल जिथे कमी तिथे त्यावरचा परतावा जास्त, हे पाठ्यपुस्तकी गृहीतक खरे मानले, तर त्या वेळच्या आकडेवारीनुसार भारतात भांडवलाचा सीमांत परतावा (म्हणजे नव्याने गुंतवलेल्या रुपयावरचा परतावा) अमेरिकेच्या ५८ पट निघत होता. असे असेल तर श्रीमंत देशांत एक पैसाही नव्याने गुंतवायचे कारण उरत नाही. सगळा ओघ गरीब देशांकडे वळायला हवा. प्रत्यक्षात तसे घडले नाही, आणि का घडले नाही यावर तेव्हापासून शोधनिबंधांचा डोंगर उभा राहिला आहे. त्यातला मोठा वाटा बिझनेस स्कूलमधल्या वित्त विभागांचा आहे.

गेले काही महिने मी या वाङ्मयातले जमेल तेवढे वाचतो आहे आणि माझे मत असे होत चालले आहे की ‘परकीय भांडवलाने विकास होतो का?’ हा प्रश्न संपूर्ण देश हे एकक धरून विचारला, की हाती फारसे काही लागत नाही. देशांची यादी बदलली, कालखंड पुढेमागे सरकवला, की उत्तर बदलते. याउलट एखादी कंपनी, एखादी बँक, एखादे कर्जखाते यांच्या पातळीवर उतरलेले निबंध कमी बोलतात, पण जे बोलतात ते टिकते.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे मत आपल्याला पटते का? आणि या संशोधनाचा विकासाच्या कामाशी खरोखर संबंध येतो, की ते जर्नल आणि बढती यांच्यामध्येच फिरत राहते?

उंटावरचा_शहाणा

५८ पट परतावा देतो असे सांगणारे फोन मलाही अधूनमधून येतात आणि मीही पैसे पाठवत नाही. लुकास यांच्या कोड्याचे उत्तर इतके अवघड नसावे.

तळटीप

शहाणे, आपण विनोद केलात, पण संशोधनातले एक प्रमुख उत्तर जवळपास तेच आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लॉरा आल्फारो आणि त्यांच्या सहलेखकांनी २००८ च्या निबंधात दाखवले, की भांडवल कुठे जाते हे ठरवण्यात मालमत्तेचे संरक्षण, कायद्याचा अंमल, भ्रष्टाचाराचे प्रमाण अशा संस्थात्मक गोष्टींचा वाटा फार मोठा असतो. परतावा कागदावर कितीही असला तरी तो हाती पडेल याची खात्री नसेल, तर गुंतवणूकदार येत नाही.

मध्यबिंदू, आपल्या पहिल्या मताशी मात्र मी असहमत आहे. देशपातळीवरच्या आकड्यांनीच या विषयातला सर्वांत मोठा धक्का दिला आहे. ईश्वर प्रसाद, रघुराम राजन आणि अरविंद सुब्रमणियन यांनी २००७ मध्ये दाखवले की विकसनशील देशांपैकी जे परकीय भांडवलावर कमी अवलंबून राहिले, ते दीर्घकाळात अधिक वेगाने वाढले. गुरिंशा आणि जान यांनी याच अंगाने विचारले की निदान विकसनशील देशांमध्ये तरी भांडवल वेगाने वाढणाऱ्यांकडे जाते का; उत्तर पुन्हा उलटेच आले. ज्यांची उत्पादकता झपाट्याने वाढत होती, त्यांच्याकडे निव्वळ ओघ कमी होता. लुकास विचारत होते की पैसा गरिबांकडे का जात नाही. येथे दिसते की तो होतकरूंकडेही जात नाही. कंपनीच्या खातेवहीत नाक खुपसून बसलेल्याला हे कधी दिसले असते का?

उदयाचल

चर्चा एका बाजूला झुकते आहे, म्हणून दुसरी बाजू नोंदवतो. बेकार्ट, हार्वे आणि लुंडब्लाड या तिघांच्या २००५ च्या निबंधानुसार शेअर बाजार परकीय गुंतवणूकदारांना खुला केल्यानंतर वाढीचा वार्षिक दर सरासरीने सुमारे १ टक्का-बिंदूने वर गेला. तो कागदावर किरकोळ वाटतो; पण पंचवीस वर्षे टिकला, तर उत्पन्नात सुमारे पाव पटीचा फरक पडतो. त्याआधी पीटर ब्लेअर हेन्री यांनी बारा देशांचे बाजार तपासून दाखवले होते, की खुलेकरण होण्याच्या आधीच्या महिन्यांत शेअरच्या किमती लक्षणीय वाढतात, म्हणजे कंपन्यांना भांडवल स्वस्त पडू लागते. या साखळीचा प्रत्येक दुवा तपासता येतो आणि बिझनेस स्कूलमधल्या मंडळींनी तो तपासला आहे.

तळटीप

उदयाचल, दुवे तपासता येतात हे मान्य आहे. अडचण अशी की कोणताही देश एका सकाळी उठून फक्त शेअर बाजार खुला करत नाही. त्याच सुमारास आयातशुल्क उतरते, सरकारी उद्योग विकायला निघतात, चलनवाढ आटोक्यात आणण्याचा कार्यक्रम चालू असतो. हेन्री यांनी या बाकीच्या सुधारणांचा परिणाम वेगळा काढण्याचा कसोशीने प्रयत्न केला, हे त्यांचे श्रेय आहे. पण असे सगळे एकदम घडत असताना १ टक्क्यातला किती भाग कोणाच्या नावावर मांडायचा, हा वाद संपण्यासारखा नाही.

जुना_कर्जविभाग

मी संशोधक नाही. माझी नोकरी एका बँकेच्या कर्जविभागात गेली. धागाकर्त्यांच्या बाजूने एकाच निबंधाबद्दल सविस्तर लिहितो, कारण आमच्या टेबलावर जे घडायचे ते त्यात पहिल्यांदा आकड्यांत उतरलेले पाहिले.

असीम ख्वाजा आणि आतिफ मियाँ यांचा हा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मे १९९८ मध्ये भारतापाठोपाठ पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या, निर्बंध येणार हे दिसू लागले आणि तिथल्या सरकारने बँकांतली डॉलर खाती गोठवली. ठेवीदारांनी उरलेला पैसा काढायला सुरुवात केली. ज्या बँकांकडे डॉलर ठेवी जास्त होत्या त्यांची रोकड एकाएकी आटली. ज्यांच्याकडे त्या कमी होत्या त्यांना झळ कमी बसली. आता खुबी पाहा. लेखकांनी अशा कंपन्या घेतल्या ज्यांची कर्जे दोन्ही प्रकारच्या बँकांत होती. कंपनी तीच, धंदा तोच, संचालक तेच. म्हणजे कर्जाची मागणी घटली म्हणून कर्ज घटले, असे म्हणायला जागा उरत नाही. एकाच कंपनीच्या बाबतीत ज्या बँकेची रोकड १ टक्का जास्त घटली, तिथले कर्ज सुमारे ०.६ टक्क्याने जास्त घटले.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोठ्या कंपन्यांनी ही तूट दुसऱ्या बँकांकडून भरून काढली. छोट्यांना ते जमले नाही.

ते का जमत नाही, हे कर्जविभागात बसलेल्याला सांगावे लागत नाही. मोठ्या खातेदाराचे कन्सोर्टियम असते, म्हणजे अनेक बँकांनी मिळून त्याला कर्ज दिलेले असते. एका बँकेने लिमिट (कर्जाची मर्यादा) कमी केले की त्याचा वित्तप्रमुख त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेत बसलेला असतो. छोट्याचा माल, येणे रक्कम, कारखान्याची जागा, सगळे एकाच बँकेकडे तारण. दुसरीकडे जायचे तर आधी आमची ना-हरकत हवी, म्हणजे आधी आमचे कर्ज फिटायला हवे, आणि ते फेडायला पैसा हवा म्हणून तर तो दुसरीकडे निघालेला. मुख्य कार्यालयातून ‘तूर्त नवी मंजुरी नको’ असे तोंडी आले की आम्ही लिमिटच्या नूतनीकरणाच्या फायलीत एखादा कागद कमी काढायचो. नकार कधीच लिहून दिला जात नसे. विनिमय दर, निर्बंध, परकीय ठेवी हे शब्द त्या माणसाच्या कानावरही आलेले नसायचे.

चौकस

प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

अर्धा_प्रबंध

मी वित्त विषयात पीएचडी करतो आहे, त्यामुळे घरातली धुणी थोडी बाहेर धुतो.

कर्जविभाग काकांनी सांगितलेला निबंध शक्य झाला, कारण मध्यवर्ती बँकेकडे प्रत्येक कर्जाची नोंद होती आणि ती संशोधकांना पाहायला मिळाली. अशी नोंद हाताशी नसेल तर आम्ही काय वापरतो? शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपन्यांचे ताळेबंद. उदाहरण देतो. चिलीने १९९१ ते १९९८ या काळात बाहेरून येणाऱ्या कर्जाचा काही भाग मध्यवर्ती बँकेत बिनव्याजी ठेवण्याची सक्ती केली होती. सुरुवातीला हा भाग २० टक्के होता, १९९२ मध्ये तो ३० टक्के झाला. पैसा थोड्या दिवसांत परत नेणाऱ्याला हा भुर्दंड जड जातो आणि दीर्घ मुदतीसाठी येणाऱ्याला हलका, अशी त्यामागची कल्पना होती. एमआयटी स्लोनच्या क्रिस्टिन फोर्ब्स यांनी दाखवले की या काळात छोट्या कंपन्यांना गुंतवणुकीसाठी पैसा मिळणे अवघड झाले आणि मोठ्यांना विशेष फरक पडला नाही. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण यातल्या ‘छोट्या’ कंपन्याही शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. काकांच्या टेबलासमोर बसलेला कारखानदार या नमुन्यात कुठेच नाही, आणि बहुतेक विकसनशील देशांत रोजगार देणारा बराच मोठा वर्ग त्याच्यासारखाच असतो.

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचे तर, टेन्युअरचे (कायम नेमणुकीच्या मुदतीचे) घड्याळ चालू असताना कोणी तीन वर्षे एखाद्या मध्यवर्ती बँकेच्या दारात परवानगीसाठी थांबत नाही. अमेरिकेतला डेटा तयार मिळतो, निबंध तपासणाऱ्या रेफरीला तो ओळखीचा असतो, आणि ‘हे निष्कर्ष इतरत्र लागू पडतील का?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही. तोच निबंध दुसऱ्या देशावर लिहिला की पहिल्या परिच्छेदापासून हाच प्रश्न येतो.

किनारा

प्रबंधकार, आपण चिलीचे उदाहरण काढलेत, म्हणून एक आक्षेप नोंदवते. परकीय भांडवलावरच्या नियंत्रणांबद्दलच्या या निबंधांचा ताळेबंद मला एकतर्फी वाटतो. ब्राझीलने २००९ मध्ये बाहेरून येणाऱ्या रोखे-गुंतवणुकीवर २ टक्के कर लावला आणि पुढच्या वर्षी तो वाढवत ६ टक्क्यांवर नेला. त्यावरही आल्फारो यांचाच सहलेखकांसह एक निबंध आहे, आणि निर्यातीत नसलेल्या, बाहेरच्या पैशावर विसंबलेल्या कंपन्यांना त्याची झळ बसली असे तो सांगतो. झळ बसली असेल. मी ती नाकारत नाही. पण नियंत्रणांची किंमत कंपनीच्या शेअरच्या भावात त्याच दिवशी दिसते आणि तिचा लाभ म्हणजे न घडलेले संकट. न घडलेल्या संकटात न बुडालेल्या कंपन्यांची यादी कोणत्या डेटाबेसमध्ये मिळते?

चिलीबद्दल एवढे तरी बऱ्यापैकी मान्य झालेले आहे की एकूण ओघ फारसा घटला नाही, मात्र अल्पमुदतीच्या कर्जाऐवजी दीर्घ मुदतीच्या पैशाचा वाटा वाढला. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात थायलंडला नेमकी याचीच उणीव भासली. दर काही महिन्यांनी नूतनीकरण करावे लागणारे डॉलरमधले कर्ज आणि समोर वर्षानुवर्षे न विकल्या जाणाऱ्या इमारती, असा तो मामला होता. म्हणून ‘छोट्या कंपन्यांना त्रास झाला, सबब नियंत्रणे वाईट’ असा निष्कर्ष कोणी काढू नये, एवढेच सांगायचे आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही २०१२ मध्ये स्वीकारले आणि विशिष्ट परिस्थितीत अशा उपायांना जागा दिली. भांडवल खुले करण्याचा आग्रह धरणारा १९९७ चा नाणेनिधी आठवत असलेल्यांना तो बदल केवढा आहे हे सांगायला नको.

उदयाचल

किनाराताई, न घडलेले संकट मोजता येत नाही हे खरे. पण मग ते नियंत्रणांमुळेच टळले असेही म्हणता येत नाही. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवल बाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि डॉलरला ३.८० रिंगिट असा दर बांधून टाकला. कापलान आणि रॉड्रिक यांच्या मते त्यामुळे मलेशिया शेजाऱ्यांच्या तुलनेत लवकर सावरला. टीकाकार म्हणतात की सप्टेंबरपर्यंत सगळ्या आशियातलीच घबराट ओसरू लागली होती. एकाच देशाच्या एकाच निर्णयावर दोन विद्वान गट आजही एकमेकांशी सहमत नाहीत, आणि त्यामुळे मी आता धागाकर्त्यांच्या पहिल्या मताकडे थोडा सरकलो आहे.

किनारा

सरकलात याचा आनंद आहे, पण चुकीच्या दिशेने सरकलात.

सोनेरी_हेज

मी कंपन्यांच्या ट्रेझरीत, म्हणजे रोकड आणि परकीय चलन सांभाळणाऱ्या विभागात काम करतो. थायलंडचा उल्लेख आला म्हणून डॉलर कर्जाबद्दल लिहितो, कारण इथे छोटा-मोठा हे नाते अगदी उलटे आहे (डॉलर कर्ज बहुधा मोठ्यांनाच मिळते, म्हणून झळही त्यांनाच बसते) आणि अजून कोणी त्याकडे वळलेले नाही.

थायलंडने २ जुलै १९९७ ला बाट या आपल्या चलनाचा बांधलेला दर सोडला; त्यापूर्वी डॉलरला साधारण २५ बाट पडत. जानेवारी १९९८ मध्ये ५० च्या वर पडू लागले. ज्या कंपनीची कमाई बाटमध्ये आणि कर्ज डॉलरमध्ये, तिचे कर्ज धंद्यात कोणतीही चूक न होता दुप्पट झाले. हे अज्ञानातून घडते असा समज आहे. ब्रुनो आणि शिन यांच्या २०१७ च्या निबंधात वेगळेच दिसते. उदयोन्मुख देशांतल्या कंपन्या डॉलरमधले रोखे काढतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्याकडे आधीच भरपूर रोकड असते, आणि स्थानिक व्याज व डॉलरचे व्याज यांतली तफावत आकर्षक असेल तेव्हा हे प्रमाण वाढते. म्हणजे कारखाना उभारायला नव्हे, तर स्वस्तात घेऊन चढ्या व्याजाने ठेवायला. संचालक मंडळासमोर हेजिंगचा, म्हणजे विनिमय दराच्या जोखमीपासून संरक्षण घेण्याचा खर्च मांडला की ‘गेल्या वर्षी तो केला असता तर तोटाच झाला असता’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते इतिवृत्तात छापूनच ठेवावे.

देशाच्या आकडेवारीत हा सगळा पैसा ‘कंपन्यांकडे आलेले परकीय भांडवल’ म्हणून नोंदला जातो. मग वाढीशी त्याचा संबंध दिसत नाही, यात नवल ते काय?

तळटीप

हा मुद्दा मला अडचणीचा आहे, म्हणजेच चांगला आहे. मी सांगितलेल्या देशपातळीच्या कोड्याचा एक तुकडा यातून सुटतो.

उंटावरचा_शहाणा

तळटीप यांनी वरच्या मजकुरात मान्यता दिल्याची नोंद संपादक मंडळाने घ्यावी.

दूरदेशी

इतका वेळ कर्ज आणि शेअर यांचीच चर्चा चालली आहे. परदेशी गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा हाही आंतरराष्ट्रीय वित्ताचाच भाग आहे आणि त्याला ना ताळेबंद लागतो ना तारण. डीन यांग यांचा २००८ चा निबंध याच आशियाई संकटावर आहे. फिलिपिन्समधले लोक तेव्हा अनेक देशांत कामाला होते आणि १९९७ नंतर त्या त्या देशाच्या चलनाचा पेसोमधला भाव वेगवेगळ्या प्रमाणात बदलला. कोण कोणत्या देशात आहे हे संकटाच्या आधीच ठरलेले होते. जिथल्या चलनाचा भाव १० टक्क्यांनी जास्त वधारला, तिथून येणारा पैसा पेसोमध्ये सुमारे ६ टक्क्यांनी वाढला. मुलांचे शालेय शिक्षण वाढले, बालमजुरीचे तास घटले, आणि काही कुटुंबांनी भांडवल लागणारे छोटे व्यवसाय सुरू केले. ज्या विनिमय दराने कंपन्या बुडवल्या त्यानेच ही घरे उभी केली. विकासाचा प्रश्न विचारायचा तर मला हेच एकक सर्वांत जवळचे वाटते.

मध्यबिंदू (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. धाग्यावर इतके काही जमले आहे की माझ्या मूळ मताला मुरड घालायला हवी, पण ते सोडावेसे वाटत नाही. तळटीप यांनी सांगितलेले कोडे देशपातळीवरच दिसते, हे कबूल. ते सुटायला लागले मात्र सोनेरी हेज यांच्या प्रतिसादापाशी, म्हणजे पैसा नेमका कोणत्या खात्यात जाऊन बसला हे पाहिल्यावर.

दुसऱ्या प्रश्नाकडे फार कोणी वळलेले नाही. राजन शिकागोच्या बिझनेस स्कूलमधून नाणेनिधीत आणि पुढे रिझर्व्ह बँकेत गेले, आल्फारो २०१० ते २०१२ या काळात कोस्टा रिकाच्या नियोजनमंत्री होत्या. संशोधक सत्तेपर्यंत पोहोचतात, हे यावरून दिसते; संशोधन पोहोचते का?

तळटीप

पोहोचते, पण निष्कर्षाच्या रूपाने क्वचितच. ख्वाजा आणि मियाँ यांचा ०.६ हा आकडा कोणत्याही धोरणात जसाच्या तसा उतरणार नाही. त्यांची एकाच कंपनीच्या दोन बँकांतल्या कर्जांची तुलना करण्याची युक्ती मात्र अनेक मध्यवर्ती बँकांच्या संशोधन विभागांत आता रोजच्या वापराची झाली आहे. बँकांवर नवे बंधन घातले की कर्ज कोणाचे तुटले, हे त्यामुळे सरासरीच्या आड लपत नाही. माझ्या मते बिझनेस स्कूलचे योगदान इथे आहे. विकासाचे मोठे सिद्धांत त्यांनी दिले असे कोणी म्हणत असेल, तर तो दावा मला फुगवलेला वाटतो.

अर्धा_प्रबंध

तळटीप यांच्याशी सहमत आहे. यात एका पायरीची भर घालतो. दिलेल्या कर्जाची नोंद असते, नाकारलेल्याची नसते, ही या पद्धतीतली जुनी उणीव होती. स्पेनच्या कर्जनोंदणीचा वापर करून हिमेनेस, ओंगेना, पेद्रो आणि साउरिना यांनी २०१२ मध्ये त्यावर सुंदर मार्ग काढला. एखाद्या बँकेने आपल्या ग्राहक नसलेल्या कंपनीची माहिती मध्यवर्ती नोंदणीकडे मागितली, की त्या कंपनीने तिथे अर्ज केला असणार असे धरायचे. पुढच्या महिन्यांत कर्ज दिसले नाही, तर ते मिळाले नाही. नाकारलेला माणूस अशा रीतीने आकड्यांत आला. माझ्या प्रबंधात हेच दुसऱ्या एखाद्या देशासाठी करून पाहावे असे वाटते आहे. मार्गदर्शक अजून अमेरिकेच्याच डेटाकडे बोट दाखवत आहेत.

जुना_कर्जविभाग

जरूर करा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. माहिती मागवण्यासाठी आधी अर्ज आत घ्यावा लागतो आणि त्याला क्रमांक द्यावा लागतो. आमच्याकडे अडचणीच्या काळात बरेच जण त्याआधीच, ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या’ एवढे ऐकून परत जात. ती चौकशी आवक नोंदवहीतसुद्धा चढत नसे. आपल्या नमुन्यात हे लोक येणार नाहीत. ते शोधायचे असतील तर बँकेकडून नव्हे, कारखान्यांच्या बाजूने सर्वेक्षण करावे लागेल.